बाटली बाळगण्याचा हक्क

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बसमध्ये शेजारच्याने कान दिलाय म्हणून हेडफोन नको वाटतो, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, दोन-तीन आकडे नीट केलेत, बाकी बोललो तसंच आहे.

गेले काही महिने एकच फर्माईश येतेय. "दादा, स्कॉच कलेक्शनवर एक भाग करा." कारण उघड आहे. रील उघडली की कुणीतरी लाकडी कपाटासमोर उभा असतो, मागे पिवळा लाइट, दीडशे-दोनशे बाटल्या, आणि तो सांगतोय की ही अठरा वर्षांची, ही शेरीच्या पिंपात मुरलेली, ही दुबईहून आणली. खाली कॉमेंटमध्ये आपली परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडची पोरं विचारतात, "भाऊ, प्राइस?"

मी चवीतला माणूस नाही. मी कोड लिहितो आणि फावल्या वेळात जुने कायदे वाचतो, आता याला छंद म्हणायचं का आजार ते तुम्ही ठरवा. त्यामुळे मला ती रील बघून वेगळाच प्रश्न पडतो. हे कपाट महाराष्ट्रात असेल, तर ते कायदेशीर आहे का? उत्तर शोधायला गेलो आणि १८८३ पर्यंत मागे गेलो. आजचा भाग त्यावर.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे त्याच्या आतले आहात हे मला माहितीये. इतिहास ऐकायला वयाची अट नाही, निवांत ऐका.

तर, कागदावर बघितलं तर महाराष्ट्र आजही दारूबंदीचं राज्य आहे. हसू नका, खरं सांगतोय. आपल्याकडे जो कायदा चालतो त्याचं नावच दारूबंदी कायदा आहे, सन १९४९ चा. आधी त्याच्या पुढे 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. पेपरात आतल्या पानावर बातमी येते बघा, "अमुक गावात छापा, ६५ ई नुसार गुन्हा दाखल", ते ६५ ई याच कायद्यातलं कलम.

या कायद्याची रचना आमच्या फिल्डमधल्या माणसाला पटकन कळते. फायरवॉल लावताना आम्ही पहिला नियम लिहितो की सगळं बंद. मग त्यावर एकेक अपवाद उघडत जातो. हा कायदा अगदी तसाच लिहिलाय. कलम १२ म्हणतं की दारू बनवणं, आणणं, नेणं, जवळ बाळगणं, विकणं आणि विकत घेणं बंद. कलम १३ म्हणतं की पिणं बंद. आणि कलम ११ म्हणतं, पण परवाना असेल तर त्या परवान्यापुरतं चालेल. म्हणजे परमिट रूममध्ये बसलेला प्रत्येक माणूस कायद्याच्या नजरेत अपवाद आहे. आपण ज्याला सहज 'परमिट रूम' म्हणतो, तो शब्द दुसऱ्या राज्यातल्या माणसाला कळतच नाही. माझ्या ऑफिसातल्या लखनौच्या मुलाने पुण्यात पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा त्याला वाटलं होतं की इथे आरटीओची कामं होतात.

आणि परवान्यावर कारण काय असतं? तब्येत. आरोग्य राखण्यासाठी विदेशी मद्य प्यायची परवानगी. एक दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला, आजन्म हजारला, असे हे परवाने मिळत आलेत. एखाद्या माणसाने लग्नाच्या वरातीआधी क्वार्टर घेतली तरी सरकारी कागदावर तो प्रकृती सांभाळत असतो.

हे असं का झालं, ते बघायला दारूबंदीच्या आधीच्या मुंबईत जाऊ. स्कॉच हा प्रकार मुळात आपल्याकडे कसा रुजला ते तिथे दिसतं.

स्कॉटलंडमध्ये दारू गाळणं जुनंच. पण आज आपण ज्याला स्कॉच म्हणतो, म्हणजे वेगवेगळ्या भट्ट्यांचा माल मिसळून कायम एकसारखी चव देणारी बाटली, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला धंदा. १८६० च्या कायद्याने असं मिश्रण करणं सोपं झालं. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये फिलोक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षबागा खाल्ल्या, ब्रँडी महागली, आणि इंग्रज साहेबाच्या ग्लासात व्हिस्की-सोडा आला. साहेब जिथे गेला तिथे त्याच्या मागे पेट्या गेल्या. मुंबई तर बंदरच.

मुंबईत फोर्ट भागात फोर्ब्स स्ट्रीटवर फिप्सन अँड कंपनी होती. आज त्या रस्त्याला डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग म्हणतात, काळा घोड्याजवळ. मालक हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन, धंदा दारूचा, वेड प्राण्यांचं. १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन एक संस्था काढली, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आजची बीएनएचएस. त्या आठांत दोन आपली माणसं होती, प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. फिप्सन या संस्थेचा सुरुवातीपासूनचा आधारस्तंभ. संस्थेला जागा नव्हती तेव्हा त्याने आपल्या दुकानामागची खोली दिली. म्हणजे भारतातल्या पक्षी-प्राण्यांच्या अभ्यासाच्या मोठ्या संस्थांपैकी एक काही काळ दारूच्या दुकानाच्या पाठीमागे नांदली. संस्थेच्या बोधचिन्हावर जो धनेश आहे ना, तो विल्यम नावाचा खराखुरा पक्षी होता आणि फिप्सनच्या खुर्चीमागच्या पिंजऱ्यात राहायचा.

थोडं आडवळण घेतो, कारण घेतल्याशिवाय राहवत नाही. फिप्सनची बायको डॉ. एडिथ पेची. एडिनबरा विद्यापीठात वैद्यकी शिकायला लढलेल्या पहिल्या सात बायकांपैकी एक. ती मुंबईत कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. आणि सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. बालपणी लावलेल्या लग्नाला नकार देऊन कोर्टात उभ्या राहिलेल्या त्याच रखमाबाई. त्यांना इंग्लंडला डॉक्टर व्हायला पाठवण्यात पेचीबाईंचा मोठा वाटा होता. स्कॉचचा इतिहास शोधायला निघालो आणि रखमाबाई भेटल्या. यावर स्वतंत्र भाग करू, आज परत बाटलीकडे.

फिप्सनच्या हाताखाली वॉल्टर सॅम्युअल मिलार्ड नावाचा तरुण काम करायचा, पुढे भागीदार झाला. हाच तो मिलार्ड ज्याच्याकडे १९०८ मध्ये एक मुलगा छर्‍याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन गेला. मुलाचं नाव सलीम अली. मिलार्डने त्याला हाकललं नाही, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. पुढचं सगळ्यांना माहिती आहे.

आणि याच मिलार्डचं नाव आज एका स्कॉचच्या गोष्टीत सांगतात, ब्लॅक डॉग. कंपनीची गोष्ट अशी की फिप्सन कंपनीच्या मिलार्डने लीथ बंदरातल्या जेम्स मॅकिन्लेबरोबर मिळून हे मिश्रण ठरवलं आणि मासे पकडायच्या एका गळाच्या माशीवरून त्याला नाव दिलं. कुत्र्याचा काही संबंध नाही. सन सांगतात १८८३.

आता माझ्यासारख्या किचकट माणसाला इथे खटकतं. मिलार्ड जन्मला १८६४ ला आणि फिप्सनच्या धंद्यात हात द्यायला मुंबईत आला १८८४ ला. म्हणजे १८८३ मध्ये तो एकोणीस वर्षांचा होता आणि मुंबईत पोचलाही नव्हता. दुकान खरं, माणूस खरा, मुंबईचा संबंध खरा. पण सन आणि माणूस एका ओळीत बसवताना जाहिरातवाल्यांनी जरा ओढाताण केलेली दिसते. बाटल्या जमवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. लेबलवर 'अमुक सालापासून' लिहिलेलं असतं तो कंपनीने स्वतःच सांगितलेला वाढदिवस असतो, जन्मदाखला नव्हे.

मुंबईत हा धंदा पारशी समाजाच्याही हातात मोठा होता. दारूवाला, बाटलीवाला ही आडनावं उगाच आली नाहीत. आणि म्हणूनच पुढच्या भांडणात एक पारशी गृहस्थ मध्यभागी असावेत, यात नवल नाही.

काँग्रेसने दारूबंदीचं वचन स्वातंत्र्याआधीच दिलेलं. १९३७ ला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार आलं. अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर, ते स्वतः पारशी आणि हृदयाचे नामांकित डॉक्टर. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. दोन-तीन महिन्यांत महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ती मोहीम ढेपाळली. स्वातंत्र्यानंतर मात्र खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री, म्हणजे आता माघार नव्हती. १९४९ ला कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून प्रांतभर पूर्ण दारूबंदी.

विचार करा, एखाद्याच्या घरी कपाटात काल विकत घेतलेल्या सहा बाटल्या आहेत. काल त्या मालमत्ता होत्या, आज गुन्ह्याचा पुरावा.

फ्राम नसरवानजी बालसारा या गृहस्थांनी थेट हायकोर्टात अर्ज केला. मला या अर्जातली यादी फार आवडते. व्हिस्की, ब्रँडी, रम, वाइन, बिअर, औषधी वाइन, कोलनवॉटर, लॅव्हेंडरचं पाणी, आणि अल्कोहोल असलेली औषधं. हे सगळं बाळगण्याचा, पिण्याचा आणि वापरण्याचा मला हक्क आहे, परदेशातून आणण्याचाही आहे, आणि सरकारने त्यात ढवळाढवळ करू नये, अशी मागणी. संविधान लागू होऊन काही महिनेच झाले होते. नव्या कोऱ्या मूलभूत हक्कांची परीक्षा घ्यायला लोक कोर्टात जात होते, तसे हेही गेले. फक्त हातात बाटली होती.

२२ ऑगस्ट १९५० ला मुंबई हायकोर्टाने कायद्यातली बरीच कलमं उडवली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. २५ मे १९५१ ला निकाल लागला, न्यायमूर्ती फझल अली यांनी लिहिलेला. स्टेट ऑफ बॉम्बे विरुद्ध एफ. एन. बालसारा. लॉ करणाऱ्या कुठल्याही मित्राला विचारा, त्याला हे नाव पाठ असतं. कायद्याचा एखादा भाग घटनाबाह्य निघाला तर बाकीचा कसा वाचवायचा, हे शिकवताना हाच निकाल काढतात.

बालसारांना काय मिळालं? कोलनवॉटर मिळालं. औषधं मिळाली. कोर्ट म्हणालं की अल्कोहोल असलेली औषधं आणि अंगाला लावायच्या वस्तू बाळगण्यावर बंदी घालणं अवाजवी आहे. पण पिण्याची दारू, म्हणजे यादीतलं पहिलंच नाव व्हिस्की, त्यावरची बंदी वैध ठरली. परदेशातून माल येणं हा केंद्राचा विषय असला तरी तो आल्यावर राज्यात कुणी बाळगायचा हे राज्य ठरवू शकतं, असंही कोर्टाने मानलं. लष्कराच्या मेसला आणि परदेशी माणसाला वेगळी सवलत देणंसुद्धा चालेल, म्हणाले.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे हा भाग मी करू शकतोय. मूळ कायद्यात दारूची वाखाणणी करणं हाही गुन्हा होता. नुसतं तोंडाने किंवा लेखी म्हणायचं की अमुक दारू छान आहे, तरी गुन्हा. सुप्रीम कोर्टाने तेवढा भाग अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून रद्द केला. त्या रीलवाल्या दादाने दर महिन्याला बालसारांना एकदा नमस्कार करायला हरकत नाही. जाहिरातीवरची बंदी मात्र वेगळी आणि ती आहेच. कंपनीकडून पैसे घेऊन बाटली मिरवली तर ती वाखाणणी राहत नाही.

या सगळ्या भानगडीत आपली परभणी कुठे होती? तर दुसऱ्याच देशात, म्हणा ना. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात. मुंबईचा कायदा आपल्याला लागू नव्हता. आपल्याकडे हैदराबादचा अबकारी कायदा, सन १३१६ फसली. फसली म्हणजे निजामाच्या दप्तरात चालणारं शेतसाऱ्याचं वर्ष. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९०६-०७ च्या आसपासचा हा कायदा. नावातला फरक बघा. तिकडे 'दारूबंदी', इकडे 'अबकारी', म्हणजे दारूवरचा कर. निजामाला शिंदीची झाडं, मोहाच्या भट्ट्या आणि त्यांचे मक्ते यातून रोख उत्पन्न हवं होतं. बंदी घालून त्याचं काय भागणार? खेड्यातल्या माणसाच्या तोंडी शिंदी आणि मोहाची. स्कॉच ही हैदराबादच्या ड्योढ्यांमधली आणि सिकंदराबादच्या छावणीतली चीज.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आपण मराठी राज्यासाठी आसुसलेलो होतोच, ते पुढे १ मे १९६० ला मिळालं. पण मधल्या काळात, १९५९ च्या दुरुस्तीने, मुंबईचा दारूबंदी कायदाही आपल्या दारात आला. बालसारा ज्याच्याशी भांडले तो कायदा परभणीला लग्नाच्या सामानाबरोबर आला असं म्हणा.

मुंबईत तोवर त्याचे हाल सुरू झाले होते. आंटीचे गुत्ते, हातभट्टी, सायकलच्या ट्यूबमधून दारूची ने-आण, आणि स्कॉच म्हणजे गोदीतून सुटलेला माल. सत्तरीतल्या हिंदी सिनेमात खलनायकाच्या टेबलावर व्हॅट ६९ का दिसते? प्रेक्षकाला तेवढ्या एका बाटलीवरून कळायचं की या माणसाकडे दोन नंबरचा पैसा आहे. बाकी काही सांगायची गरज नाही. परकीय चलन वाचवायला आयात आवळलेली असल्यामुळे खरी स्कॉच हातात असणं म्हणजे वकिलातीत ओळख, विमानात नोकरी, लष्करात नातेवाईक, किंवा मग स्मगलर.

साठच्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, नियम सैल व्हायला लागले. हे तेच नाईक ज्यांचं नाव आज आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाला आहे. पण कायदा रद्द केला नाही. फायरवॉल तशीच ठेवली, अपवाद वाढवले. तब्येतीचा परवाना, जो आधी डॉक्टरी तपासणीनंतर मोजक्यांना मिळायचा, तो हळूहळू मागेल त्याला मिळायला लागला. फॉर्मवरची भाषा मात्र जुनीच राहिली. गुजरातने तोच १९४९ चा कायदा घेतला आणि अपवाद मोजकेच ठेवले. एकाच सोर्स कोडची दोन राज्यं, फरक फक्त सेटिंगचा.

आता मूळ प्रश्नाकडे. ते दोनशे बाटल्यांचं कपाट.

परवानाधारकाला एका वेळी जवळ ठेवता येतात १२ युनिट. कडक दारूच्या बाबतीत एक युनिट म्हणजे एक खंबा, पूर्ण बाटली. वाइन आणि बिअरचं गणित वेगळं, ते जास्त बसतं. म्हणजे स्कॉचच्या १२ बाटल्या. तेरावी आली की तुम्ही संग्राहक राहत नाही, आरोपी होता. घरात नवरा-बायको दोघांचे परवाने असतील तर २४. ब्राझीलमध्ये क्लाइव्ह विडिझ नावाच्या गृहस्थाने आयुष्यभर जमवलेल्या ३,३८४ बाटल्या आज एडिनबराच्या एका संग्रहालयात काचेआड ठेवल्यात. हा माणूस परभणीत असता तर त्याला २८२ परवाने लागले असते. मी भागून बघितलं, बरोब्बर भाग जातो, बाकी शून्य.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे, आणि रीलमध्ये ती कुणी सांगत नाही. तुम्ही विकत घेऊ शकता पण विकू शकत नाही. लंडनला नोव्हेंबर २०२३ मध्ये मॅकॅलन १९२६ ची एक बाटली सुमारे २१ लाख ८७ हजार पौंडांना गेली. तो आकडा ऐकून आपली पोरं म्हणतात, "हे तर सोन्यापेक्षा भारी इन्व्हेस्टमेंट." अरे पण सोनं सराफाकडे नेऊन मोडता येतं. महाराष्ट्रात विक्रीचं लायसन्स नसताना तुम्ही तुमची सीलबंद बाटली शेजाऱ्याला दिली आणि पैसे घेतले, तर ते ६५ ई. जिथे कायदेशीर खरेदीदारच नाही तिथे किंमत कशी ठरणार? ज्या गोष्टीतून बाहेर पडायचा दरवाजा नाही तिला गुंतवणूक म्हणायला माझं मन धजत नाही. छंद म्हणा, हौस म्हणा.

मग व्हॉट्सॲपवर "ड्युटी फ्री पीस आहे भाऊ, एअरपोर्टचा माल" म्हणून जे येतं ते काय असतं? परदेशातून येताना माणशी दोन लिटर आणता येतं, ते स्वतःसाठी. ते विकलं की गुन्हा. आणि बऱ्याचदा तो एअरपोर्टचा मालही नसतो. महागड्या स्कॉचच्या रिकाम्या बाटलीला भंगारात साध्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त भाव का मिळतो, विचार केलाय कधी? राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या छाप्यांत पुन्हा पुन्हा तेच सापडतं: खरी बाटली, खरा खोका, नवीन बूच, आत हलकी दारू. म्हणून रिकामी बाटली टाकताना लेबल खरवडा किंवा ती फोडा. किंवा आपल्याकडे करतात तसं मनी प्लांट लावा, फ्रिजमध्ये पाण्याला ठेवा. माझ्या ओळखीच्या किमान चार घरांत पाहुण्याला पाणी जॉनी वॉकरमधून मिळतं आणि घरात कुणी थेंबाला शिवत नाही.

किंमत एवढी का, हेही थोडक्यात. केंद्राचं आयात शुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के. त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, जे महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवर ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात हे १५० टक्के आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० पर्यंत उतरवायचं ठरलंय. बाटली त्या प्रमाणात स्वस्त होईल असं धरून चालू नका, राज्याचा कर त्या करारात नाही.

आणि कायद्यातला 'विदेशी मद्य' हा शब्द ऐकून फसू नका. त्यात आपल्या इथे बनलेली व्हिस्कीही येते, म्हणूनच 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' असा विचित्र शब्द जन्माला आला. स्कॉच व्हायला माल स्कॉटलंडमध्ये गाळलेला आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेला लागतो. आपली स्वस्त व्हिस्की बहुतेक उसाच्या मळीच्या स्पिरिटवर उभी असते. गोदाकाठच्या उसाची साखर चहात जाते आणि मळी कुठे जाते, ते आता तुम्हाला कळलं.

तरीही ज्यांना हौस आहे, त्यांच्यासाठी माझं मत सांगतो. बारा बाटल्यांचा हिशोब सांभाळण्यापेक्षा लेबलं वाचायला शिका. रिकाम्या जुन्या बाटलीला परवाना लागत नाही आणि इतिहास तिच्यावरच छापलेला असतो. ताकद टक्क्यांत नसून 'प्रूफ'मध्ये लिहिली असेल तर ब्रिटिश बाटली साधारण १९८० च्या आधीची, कारण तेव्हा तिथे टक्के आले. माप औंसात असेल तर आणखी जुनी. युरोपात आज ७०० मिलीची बाटली चालते, आपल्याकडे ७५० ची. त्यामुळे ७०० मिलीची सीलबंद बाटली दिसली की ती बाहेरून आलीये, मग तिच्यावर आपल्या राज्याचं स्टिकर आहे का ते बघायचं. 'फक्त संरक्षण दलांसाठी' लिहिलेलं असेल तर ती कुठल्यातरी फौजी काकांच्या कँटीनची, बाजारात फिरायला नको.

भरलेली ठेवलीच असेल तर उभी ठेवा, वाइनसारखी आडवी नाही, कडक दारू बुचाला खाते. बाटलीत व्हिस्की मुरत नाही हेही लक्षात घ्या. बारा वर्षांची व्हिस्की कपाटात दहा वर्षं ठेवली तर ती बारा वर्षांचीच राहते. उलट परभणीच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, ती बुचातून हळूहळू उडून जाते.

शेवटी माझी आवडती गोष्ट, त्यासाठी जुनी बाटलीही लागत नाही. भारतात बनलेल्या कुठल्याही व्हिस्कीच्या लेबलवर बघा, बहुतेक वेळा ताकद ४२.८ टक्के असते. ४० नाही, ४३ नाही, ४२.८. हा कुणी प्रयोगशाळेत काढलेला आकडा नाही. ब्रिटिश मापात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के. साहेबाच्या काळातल्या हिशोबात ७५ प्रूफचा माल विकायचा, त्याचं टक्क्यांत रूपांतर केलं की ४२.८ येतं. खुद्द ब्रिटनने ते माप सोडून चाळीस वर्षं उलटली. आपण अजून दशांश चिन्हासकट छापतोय.

तुमच्या घरी आजोबांच्या काळातली एखादी रिकामी बाटली असेल, फणीच्या डब्याशेजारी किंवा तेल ठेवायला वापरलेली, तर फक्त लेबलचा फोटो पाठवा. कशात काय लिहिलंय ते पुढच्या भागात मिळून वाचू. भरलेल्या बाटलीचा फोटो आणि खाली "विकायची आहे" असं पाठवू नका, मागच्या वेळी दोघांनी पाठवलं होतं.